इंग्रजी चुकते कुठे : कानात की अर्थात?

गोव्यात सरकारी नोकरीसाठी अर्ज करायचा तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि त्यासाठी मामलेदार कचेरीत अर्ज द्यावा लागतो. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलामुलींचे असे अर्ज मी अनेक वर्षे वाचून, दुरुस्त करून देत आलो आहे. त्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते : ‘आय अ‍ॅम लीव्हिंग इन म्हापसा सिन्स फिफ्टीन इयर्स.’ लिहिणाऱ्याला सांगायचे असते की, मी गेली पंधरा वर्षे म्हापशात राहत आहे. ‘लीव्हिंग’चा अर्थ मात्र सोडून जाणे असा असल्यामुळे, ज्या गावातल्या वास्तव्याचा दाखला मागायचा तेच गाव आपण सोडून चाललो आहोत, असे कागदावर उमटते. शिवाय ‘सिन्स’च्या जागी तेथे ‘फॉर’ हवे होते.

एका वाक्यात दोन चुका झाल्या आहेत, पण त्यांची मुळे एका ठिकाणी नाहीत. राहणे आणि सोडणे यांतला फरक त्या मुलाला उत्तम कळतो. मराठीत तो हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरणार नाही. त्याच्या कानाला मात्र ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ एकच वाटतात. दुसऱ्या चुकीत कानाचा काही संबंध नाही. तेथे मराठीतला ‘पासून’ हा शब्द त्याची दिशाभूल करतो. पहिल्या प्रकारात मराठीने अर्थ वेगळे ठेवलेले असतात आणि उच्चाराने ते एकत्र येतात. दुसऱ्या प्रकारात मराठीनेच दोन अर्थ एका शब्दात ठेवलेले असतात. आपल्याकडे दोन्ही चुकांना ‘व्याकरण कच्चे’ हे एकच नाव देऊन गोंधळात टाकणाऱ्या शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला दिली जाते, आणि ती यादी परीक्षेनंतर विसरली जाते. चूक कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखावे आणि मग तिच्यावर उपाय करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम कानाचा भाग पाहू. मराठी शुद्धलेखनाचा एक नियम आपण शाळेत शिकतो : अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार किंवा उकार, तत्सम शब्द वगळता, दीर्घ लिहावा. म्हणून आपण वीट, जीभ, तीळ, फूल, पूल असे लिहितो आणि बोलतानाही तो स्वर लांबवतो. ही सवय जिभेत इतकी मुरलेली असते की इंग्रजीतला आखूड स्वर आला तरी आपण त्याला आपल्याच चालीने लांब करतो. मुरगाव बंदरात लागते ते ‘शिप’. त्याचे ‘शीप’ केले की त्याची मेंढी होते. अर्ज भरणे म्हणजे ‘फिल’, मनाला वाटणे म्हणजे ‘फील’. भरलेले ते ‘फुल’ आणि मूर्ख तो ‘फूल’. ओढणे म्हणजे ‘पुल’ आणि पोहण्याचा तलाव म्हणजे ‘पूल’. राहणे म्हणजे ‘लिव्ह’ आणि सोडणे म्हणजे ‘लीव्ह’. मराठी मुलाच्या हाती येथे एक मोठे साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. ऱ्हस्व आणि दीर्घ यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र चिन्हे आहेत, इंग्रजी लिपीत ती नाहीत. त्यामुळे वहीत इंग्रजी शब्दाशेजारी त्याचा देवनागरी उच्चार ऱ्हस्व-दीर्घासह नेमका लिहिण्याची सवय लावली, तर कान आपोआप तयार होतो. इंग्रजी स्पेलिंगही थोडी मदत करते : वरच्या जोड्यांत लांब स्वर दोन अक्षरांनी लिहिले जातात, जसे दोन ‘ई’, दोन ‘ओ’ किंवा ‘ई’पुढे ‘ए’, आणि आखूड स्वराला एकच अक्षर पुरते. ‘गुड’ आणि ‘बुक’ यांत दोन ‘ओ’ असूनही स्वर आखूडच आहे, इतका अपवाद लक्षात ठेवावा.

स आणि झ यांची गोष्ट याहून गंमतीची आहे. ‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूझ’ म्हणजे हरवणे किंवा गमावणे. इंग्रजीत पहिल्याच्या शेवटी स्वच्छ स आहे, तर दुसऱ्याच्या शेवटी ‘जहाज’ या शब्दातल्या जसारखा मऊ ध्वनी आहे. आपण मात्र बोलण्यात ‘सदरा लूज झाला’, ‘स्क्रू लूज आहे’ असे म्हणत आलो आहोत. सैल या अर्थाचा शब्दच आपण ज लावून मराठीत घेतला, तेव्हा हरवण्याच्या शब्दाला वेगळा उच्चार उरलाच नाही. हरवलेल्या पाकिटाची तक्रार लिहिताना पाकीट ‘सैल’ होते ते यामुळे. स्पेलिंगची खूण सोपी आहे : हरवण्याच्या शब्दात एक ‘ओ’ही हरवलेला आहे. किंमत या अर्थाचा ‘प्राइस’ आणि बक्षीस या अर्थाचा ‘प्राइझ’ ही जोडीही याच घरातली.

‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ ही जोडी पक्की केली तर आणखी दोन जोड्या फुकट मिळतात. सल्ला या नामाच्या स्पेलिंगमध्ये ‘सी’ आहे, सल्ला देणे या क्रियापदात ‘एस’ आहे, आणि येथे उच्चारही वेगळा असल्याने फरक ऐकू येतो. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ या शब्दांत नाम आणि क्रियापद यांचा उच्चार सारखाच आहे, पण ब्रिटिश पद्धतीने लिहिताना नियम तोच : नामात ‘सी’, क्रियापदात ‘एस’. भारतात आपण तीच पद्धत पाळतो, म्हणून वाहन चालवण्याच्या परवान्यावर ‘सी’ असतो. अमेरिकेत परवान्यासाठी नाम असो वा क्रियापद, ‘एस’च लिहितात, आणि सरावासाठी दोन्हीकडे ‘सी’. संगणकाची भाषा अमेरिकन ठेवलेली असेल तर तो आपल्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढतो. अशा वेळी ती रेघ पाहून बरोबर शब्द बदलू नये.

ज्या शब्दांचा उच्चार एकच आणि स्पेलिंग तेवढे वेगळे, त्यांच्यासाठी शब्दाचे मूळ जाणून घेणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. प्राचार्य, मुद्दल आणि प्रमुख या तीनही अर्थांचा ‘प्रिन्सिपल’ एकच आहे आणि त्याच्या शेवटी ‘ए’ व ‘एल’ येतात. तीनही अर्थांत ‘मुख्य’ ही कल्पना आहे. तत्त्व या अर्थाचा शब्द ‘एल’ आणि ‘ई’ यांनी संपतो. ‘स्टेशनरी’चेही तसेच. मध्ययुगात गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान थाटून पुस्तके विकणारा तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्याकडचे सामान ती स्टेशनरी, म्हणून तिच्यात ‘ई’ आहे. स्थिर या अर्थाच्या विशेषणात त्याच जागी ‘ए’ आहे. मुळाशी दोन्ही शब्दांत ‘एका जागी असणे’ हीच कल्पना आहे, त्यामुळे त्यांचा गोंधळ होण्यात नवल नाही.

आता दुसरा प्रकार, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे स्पेलिंग तपासणारा संगणकही आपल्याला वाचवू शकत नाही. आपण ‘२०१० पासून’ म्हणतो आणि ‘पंधरा वर्षांपासून’ असेही म्हणतो. पहिल्यात काळाच्या रेषेवरचा एक बिंदू आहे, दुसऱ्यात त्या रेषेची लांबी आहे, आणि मराठीने दोन्हींना एकच शब्दयोगी अव्यय दिले आहे. इंग्रजी बिंदूसाठी ‘सिन्स’ वापरते आणि लांबीसाठी ‘फॉर’. यासाठी मी मुलांना मराठीतलीच एक कसोटी देतो. काळाच्या त्या शब्दाआधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून पाहावे. ‘गेली पंधरा वर्षे’, ‘गेले तीन महिने’ हे मराठीत सहज बसते, तेव्हा तेथे ‘फॉर’ येणार. ‘गेले २०१०’, ‘गेली चतुर्थी’ हे त्या अर्थाने बसत नाही, तेव्हा तेथे ‘सिन्स’ येणार. यापुढे आणखी एक पायरी आहे. मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो, पण आधी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सांगताना इंग्रजीला ‘हॅव्ह बीन लिव्हिंग’ अशी रचना लागते. तेव्हा आरंभीच्या अर्जातले वाक्य ‘आय हॅव्ह बीन लिव्हिंग इन म्हापसा फॉर फिफ्टीन इयर्स’ असे व्हायला हवे.

‘भाडे’ हा असाच एक मोठ्या पोटाचा शब्द. घराचे भाडे ते ‘रेंट’. कदंबच्या बसमध्ये कंडक्टर घेतो, किंवा मोटारसायकलच्या मागे बसवून नेणाऱ्या पायलटला आपण देतो, ते ‘फेअर’. मांडवी आणि झुआरीतून बार्जने खनिज मुरगावला न्यायचे तर त्या मालवाहतुकीचे भाडे ते ‘फ्रेट’. लग्नासाठी मंडप, खुर्च्या थोड्या वेळापुरत्या आणल्या तर ते ‘हायर’. येथपर्यंत चूक झाली तरी फार बिघडत नाही, कारण समोरच्याला आशय कळतो. धोका आहे तो घेणारा कोण आणि देणारा कोण हे उलटण्याचा. मराठीत ‘भाड्याने घेणे’ आणि ‘भाड्याने देणे’ हे दोन शेवट काही संशय ठेवत नाहीत. इंग्रजी ‘रेंट’ हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून देणाऱ्याने ‘लेट’ किंवा ‘रेंट आउट’ असे स्पष्ट लिहावे; घरावरच्या ‘टु लेट’ या पाटीतला ‘लेट’ तो हाच. करारनाम्यात ‘लेसर’ म्हणजे भाड्याने देणारा आणि ‘लेसी’ म्हणजे घेणारा. शब्दाच्या शेवटी ‘ओ’ व ‘आर’ असले की क्रिया करणारा आणि दोन ‘ई’ असले की ती ज्याच्याकडे जाते तो, अशी ही रचना आहे. याच हिशेबाने ‘मॉर्गेजर’ म्हणजे कर्ज देणारी बँक असेल असे अनेकांना वाटते, पण ते उलटे आहे. गहाण म्हणून मालमत्ता देतो तो कर्जदार, म्हणून ‘मॉर्गेजर’ आपण आणि ‘मॉर्गेजी’ बँक. घराच्या कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी एवढे तरी नीट कळलेले असावे.

‘ऐतिहासिक’ या विशेषणाखाली इंग्रजीतले दोन शब्द दडलेले आहेत. इतिहासाला वळण देणारे ते ‘हिस्टॉरिक’, आणि इतिहासाशी संबंधित असलेले कोणतेही ते ‘हिस्टॉरिकल’. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा गोव्यासाठी ‘हिस्टॉरिक’ दिवस होता, कारण गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, हे त्या दिवशीच्या मतदानाने ठरले. पणजीच्या पुराभिलेखागारातली जुनी दफ्तरे ‘हिस्टॉरिकल’ आहेत; त्यांतल्या एखाद्या पावतीने इतिहास बदलला नसला तरी तिला हे विशेषण लागते. ‘अभिजात’ या शब्दाचेही असेच झाले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा काहींनी आनंदाने इंग्रजीत ‘क्लासिक’ असे लिहिले. भाषेला, संगीताला किंवा नृत्याला प्राचीन परंपरेच्या अर्थाने लागतो तो शब्द ‘क्लासिकल’ आहे. ‘क्लासिक’ म्हणजे आपल्या प्रकारात आदर्श ठरलेले, मग ती कादंबरी असो किंवा क्रिकेटचा सामना. ‘आर्थिक’ची जोडी त्या मानाने सोपी आहे : अर्थव्यवस्थेचे ते ‘इकॉनॉमिक’ आणि काटकसरीचे, परवडणारे ते ‘इकॉनॉमिकल’.

‘परिणाम’ या शब्दाने तर इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी अडवलेले आहे. नाम ‘परिणाम’ आणि क्रियापद ‘परिणाम करणे’ हे आपल्याकडे एकाच शब्दावर उभे आहेत. इंग्रजीत बहुतेक वेळा नाम ‘इफेक्ट’ आणि क्रियापद ‘अफेक्ट’ असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. त्या निर्णयाने डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतली कुटुंबे ‘अफेक्ट’ झाली. ट्रकमालकांच्या कर्जफेडीवर जो झाला तो ‘इफेक्ट’. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणूनही येतो, पण तेव्हा त्याचा अर्थ घडवून आणणे असा होतो. धोरणात बदल ‘इफेक्ट’ करणे म्हणजे बदल अमलात आणणे, आणि बदलाला ‘अफेक्ट’ करणे म्हणजे होऊ घातलेल्या बदलावर काही प्रभाव टाकणे. सरकारी पत्रव्यवहारात हा फरक शब्दाचा राहत नाही, आशयाचा होतो.

‘कमी’साठी मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’ असा नियम शिकवला जातो : मुले ‘फ्यूअर’, पाणी ‘लेस’. औपचारिक लेखनात हा नियम पाळावा. मात्र तो अनादी काळापासून चालत आलेला नाही, हेही सांगायला हवे. रॉबर्ट बेकर या लेखकाने १७७० मध्ये ‘फ्यूअर’ अधिक शोभून दिसते असे आपले मत मांडले आणि पुढच्यांनी त्या आवडीला कायद्याचे रूप दिले. अंतर, पैसे आणि वेळ हे आकड्यांत सांगितले तरी एकत्र परिमाण म्हणूनच धरले जातात, म्हणून ‘दहा किलोमीटरपेक्षा कमी’ यासाठी ‘लेस’च योग्य आहे. तेथे ‘फ्यूअर’ लिहिणारा नियमाचे अक्षर पाळतो आणि भाषेचा कान गमावतो.

सावली या एका शब्दाचे इंग्रजीत ‘शेड’ आणि ‘शॅडो’ होतात. उन्हातून येऊन आंब्याखाली बसलो ती ‘शेड’, अंगणात पडलेली आपली आकृती ती ‘शॅडो’. ‘सतत’चे ‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ असे दोन होतात, पण येथे मराठीजवळ दुसरा शब्द तयार आहे. आषाढातला पाऊस उसंत घेऊन पुन्हा येत राहतो, तो ‘कंटिन्युअल’. वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास खंड न पडता भजन चालते, ते ‘कंटिन्युअस’. म्हणजे ‘अखंड’ हा शब्द जेथे लागेल तेथे हा दुसरा.

गोव्यात या सगळ्याला पोर्तुगीजचा आणखी एक पदर आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेल्या पिढीला नंतर इंग्रजी शिकावी लागली, तेव्हा सारखे दिसणारे शब्द त्यांना मोहात पाडत असत. दारावर लिहिलेला पोर्तुगीज ‘पुश’ हा उच्चार इंग्रजीतल्या ढकलण्याच्या शब्दासारखाच वाटतो, पण त्याचा अर्थ नेमका उलट, ओढा असा आहे. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये सर्दी झालेला. त्याचा इंग्रजी जुळा मात्र बद्धकोष्ठाचा. ती पिढी आता थोडी उरली आहे, पण पोर्तुगीज अमलातून आलेल्या जमिनीच्या शब्दांचा प्रश्न आजही रोज कचेरीत उभा राहतो, आणि तेथे बेसावध इंग्रजीने माणसाचे खरोखरीचे नुकसान होऊ शकते.

कोमुनिदाद या शब्दाचे इंग्रजी करताना अनेक जण ‘कम्युनिटी’ असे लिहितात. ‘कम्युनिटी’ म्हणजे समाज, वस्ती, कोणताही समुदाय. कोमुनिदाद ही गावच्या सामायिक जमिनीची धनी असलेली जुनी संस्था आहे. तिची १९६१ ची स्वतंत्र संहिता आहे, तिची कार्यकारी समिती असते आणि तिच्या गावकारांना झोण म्हणजे उत्पन्नातला वार्षिक हिस्सा मिळतो. ‘कम्युनिटीची जमीन’ असे इंग्रजीत लिहिले की वाचणाऱ्याला ती सार्वजनिक जमीन वाटते. ‘गावकार’चे ‘व्हिलेजर’ करणेही तितकेच चुकीचे आहे, कारण गावात राहणारा प्रत्येक जण गावकार नसतो. गावकारपण मूळ वसाहत करणाऱ्यांच्या कुळांतून वारशाने येते.

यांहूनही नाजूक जोडी कूळ आणि मुंडकार यांची. दोघांसाठीही इंग्रजीत सरसकट ‘टेनंट’ लिहिण्याची पद्धत पडली आहे. कूळ दुसऱ्याची शेतजमीन कसतो आणि त्याचे हक्क १९६४ च्या कृषी कूळ कायद्यातून येतात. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घरात कायम राहतो आणि त्याला संरक्षण देतो तो १९७५ चा मुंडकार कायदा. एक हक्क कसण्यातून आला आहे, दुसरा राहण्यातून, आणि दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. अर्जात नुसते ‘टेनंट’ लिहिले तर आपण कोणत्या कायद्याखाली दाद मागतो आहोत हेच धूसर होते. अशा ठिकाणी इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नये. ‘मुंडकार’ हा शब्द इंग्रजी लिपीत तसाच लिहावा, कारण १९७५ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही तो तसाच आहे, आणि पहिल्यांदा येईल तेथे एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा.